सात किलोंत कामिनो

येशूच्या बारा प्रेषितांपैकी संत याकोब यांचे अवशेष स्पेनच्या वायव्य टोकाला, सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथीड्रलमध्ये आहेत, अशी शतकानुशतकांची श्रद्धा आहे. तिथवर चालत नेणारी वाट म्हणजे कामिनो. अशा वाटा अनेक आहेत. त्यांतली सर्वांत रुळलेली ‘फ्रेंच वाट’ पिरेनीज पर्वताच्या फ्रान्सकडच्या पायथ्याशी, सँ-जाँ-पिए-द-पोर या गावात सुरू होते आणि सुमारे ७८० किलोमीटरांनंतर संपते. सलग चालणाऱ्याला महिना-सव्वा महिना लागतो. तेवढी रजा नसणारे बरेच जण सारिया गावापासून शेवटचे शंभर-सव्वाशे किलोमीटर चालतात, कारण सांतियागोपर्यंतचे किमान शंभर किलोमीटर पायी आल्याचे शिक्के दाखवले की ‘कोम्पोस्तेला’ हे प्रमाणपत्र मिळते. १९८६ साली ते घेणारे अडीच हजारांच्या आसपास होते, २०२४ साली ही संख्या पाच लाखांच्या घरात पोचली. भारतातून तिकडे जायला निघणाऱ्यांपुढे तयारीच्या काळात एक प्रश्न येतोच: पाठीवरची सॅक चेक-इनमध्ये द्यायची की विमानात सोबत न्यायची? बहुतेक जण हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात, सॅक भरून झाल्यावर सोडवायला घेतात. माझ्या मते तो सगळ्यात आधी सोडवावा. सॅक केबिनमध्येच न्यायची असे ठरवले की ती किती मोठी घ्यायची, तिच्यात काय भरायचे आणि काय घरी ठेवायचे, यांची उत्तरे आपोआप मिळू लागतात. केबिनमध्ये न मावणारी सॅक कामिनोवर पाठीवर घ्यायलाही योग्य नसते, असा माझा दावा आहे.

त्याचे पहिले कारण शरीराचे आहे. पायी यात्रा म्हटली की मराठी मनात पंढरीची वारी उभी राहते, आणि वारीत दिंडीचे सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते. वारकऱ्याच्या हाती टाळ-पताका आणि खांद्याला फार तर एक पडशी असते. कामिनोची तऱ्हा नर्मदा परिक्रमेच्या जवळची आहे. आपले ओझे आपण उचलायचे आणि संध्याकाळी जिथे पाठ टेकायला जागा मिळेल तिथे थांबायचे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, एखाद्या दिवशी त्याहूनही जास्त, आणि हे तीस-पस्तीस दिवस. या वाटेवर मुरलेले लोक एक हिशेब सांगतात, की पाठीवरचे वजन शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. साठ किलोंच्या माणसाने सहा किलो, सत्तर किलोंच्या माणसाने सात. यावर सह्याद्रीत आणि हिमालयात हिंडणारे हसतील. बारा-पंधरा किलोंची सॅक घेऊन रतनगड-हरिश्चंद्रगड करणारे महाराष्ट्रात हजारो आहेत, आणि दहा टक्क्यांचा आकडा काही प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नियम नव्हे. सशक्त माणूस दोन दिवस त्याच्या दुप्पट वजन सहज पेलतो, हे खरेच आहे. पण दोन दिवसांच्या ट्रेकनंतर सोमवारी विश्रांती मिळते. कामिनोवर सोमवारी पुन्हा पहाटे उठून चालायचे असते, तेही बऱ्याचदा डांबरावरून आणि सिमेंटवरून. इथे माणसाला थांबवतात ती तळपायाचे फोड, नडगीची सूज, सुजलेली टाच आणि गुडघे ही दुखणी. ती एका मोठ्या घावाने होत नाहीत, त्याच त्या जागी रोज हजारो वेळा भार पडून होतात. पाठीवरचा प्रत्येक जादा किलो त्या प्रत्येक पावलात मोजला जातो.

ही काटकसर आजच्या हलक्या सामानाच्या शौकिनांनी शोधलेली नाही. बाराव्या शतकातल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या ग्रंथात यात्रेकरूच्या झोळीवर भाष्य करणारे एक प्रवचन आहे. ती झोळी अरुंद असावी, मेलेल्या जनावराच्या कातड्याची असावी आणि तिचे तोंड बांधलेले नसावे, असे त्यात सांगितले आहे. अरुंद अशासाठी, की यात्रेकरूने साठ्यावर नव्हे, देवावर भरवसा ठेवून चालावे; तोंड उघडे अशासाठी, की जे आहे त्यातले गरजूला देता यावे. त्या काळी वाटेत लांडगे आणि लुटारू होते, दवाखाने मोजके होते, आणि तरीही झोळी लहानच असावी असा आग्रह होता. आज वाटेवरच्या बहुतेक गावांत औषधांचे दुकान आहे, मोठ्या गावांत सुपरमार्केट आहे, आणि यात्रेकरूंसाठीच्या अल्बेर्गे नावाच्या धर्मशाळांत कपडे धुण्याची सोय आहे. मोठी झोळी घेण्याचे कारण तेव्हापेक्षा आज कमीच आहे.

आता प्रत्यक्ष वजन मांडून पाहू. रिकामी सॅक सव्वा किलो. स्लीपिंग बॅग हलकी घेतली तर पाऊण किलो, आणि ऐन उन्हाळ्यात नुसत्या लायनरवर भागते, ते पाव किलोचे. अंगावरच्या जोडाखेरीज आणखी दोन जोड, मोजे आणि एक उबदार थर मिळून पावणेदोन किलो. पावसाचा पाँचो तीनशे ग्रॅम, संध्याकाळी घालायच्या सँडल चारशे ग्रॅम. टॉवेल, साबण, दात घासण्याचे सामान अर्धा किलो. औषधे आणि फोडांवरच्या पट्ट्या पाव किलो. चार्जर, पॉवर बँक, डोक्याला लावायचा टॉर्च अर्धा किलो. चालायचे बूट पायांतच असतात, विमानातही तेच घालावेत. बेरीज साडेपाच-पावणेसहा किलो होते. सकाळी दीड लिटर पाणी भरले की सात-सव्वासात. भारतातून उडणाऱ्या विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला साधारण सात किलोंची एक हँडबॅग नेता येते. विमान कंपन्यांनी ही मर्यादा यात्रेकरूंचा विचार करून घातलेली नाही, पण ती त्यांच्या गरजेला नेमकी लागू पडते. घरी तराजूवर सॅक सात किलोंच्या वर गेली, तर विमानतळावरच्या काउंटरच्या आधी आपल्याच गुडघ्यांनी तक्रार करायला हवी.

दुसरे कारण जोखमीचे आहे. विमानतळांना आणि कंपन्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सीटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ साली जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगा उशिरा आल्या, खराब झाल्या किंवा हरवल्या. त्यांतल्या ४६ टक्के प्रकरणांत गोंधळ झाला तो विमान बदलताना. आकडा लहान वाटेल, पण मुंबईहून निघणाऱ्याचा मार्ग पाहा: आखातात किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे, तिथून माद्रिद, पॅरिस किंवा बियारित्झ, मग बायोनहून रेल्वेने किंवा पाम्प्लोनाहून बसने सँ-जाँ. बॅग चुकण्याची शक्यता जिथे सर्वाधिक, तोच हा प्रवास. शिवाय सहलीला गेलेल्या माणसाची बॅग दोन दिवसांनी हॉटेलवर येऊन पोचते. यात्रेकरूला हॉटेलच नसते. तो आज रोन्सेसवायेसच्या मठात, उद्या सुबिरीत, परवा पाम्प्लोनात. बॅगेला कुठला पत्ता द्यायचा? एक तर सुरुवातीच्या गावात बसून वाट पाहायची, नाही तर सगळे नव्याने घ्यायचे. माँट्रियल करारानुसार चेक-इनची बॅग २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते, आणि भारतही या करारात आहे. पण २१ दिवसांत चालणारा अर्ध्याहून अधिक वाट मागे टाकून लेओन शहराच्या आसपास पोचलेला असतो. भरपाईचे पैसे पुढेमागे मिळतील. महिनाभर सरावाच्या चालीत पाठीवर बसलेली सॅक त्यांतून परत मिळणार नाही. पिरेनीज ओलांडण्याचा पहिला दिवस या वाटेवरच्या सर्वांत अवघड दिवसांपैकी एक. साधारण १४३० मीटर उंचीपर्यंत चढ आणि एकूण पंचवीस किलोमीटर. तो अनोळखी सॅकने सुरू करावा लागू नये.

मावण्याचा प्रश्न मात्र वजनाच्या प्रश्नाइतका सरळ नाही, आणि इथेच जास्त चुका होतात. भारतातून निघताना हँडबॅगेची लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. एअर इंडियाची मापे त्याच बेरजेची आहेत. लुफ्तान्साला एरवी ५५ × ४० × २३ आणि आठ किलो चालतात. एअर फ्रान्स सोबतच्या छोट्या पिशवीसकट बारा किलो देते. एमिरेट्स इकॉनॉमीत सातच. ही मापे बदलत राहतात, म्हणून तिकीट काढताना कंपनीची त्या दिवशीची अट वाचावी, आणि दोन कंपन्यांची विमाने असतील तर दोन्हींतली कडक अट धरून चालावे. सॅकच्या लेबलावर लिटर लिहिलेले असतात, विमान कंपनी सेंटिमीटर मोजते. ३६ लिटरच्या दोन सॅकपैकी एक मावेल आणि दुसरी उंचीमुळे अडेल. हिमालयाच्या ट्रेकसाठी घेतलेली साठ लिटरची सॅक अर्धीच भरली म्हणून लहान होत नाही, कारण तिच्या पाठीतली फ्रेम दुमडत नाही. फ्रेमची उंची ५५ सेंटिमीटरच्या आत हवी. कापड दाबता येते, फ्रेम नाही. इतक्या आखूड सॅकचे वजन कमरेवर येईल का, ही शंका रास्त आहे. त्यासाठी पाठीची लांबी पाहावी लागते. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे हे अंतर बहुतेकांच्या बाबतीत ४० ते ५० सेंटिमीटर भरते. म्हणजे ५५ सेंटिमीटरच्या सॅकचा पट्टा बहुतेकांच्या कमरेवर नीट बसतो. फार उंच माणसांना मात्र खरी अडचण येते; त्यांनी दुकानात आठ किलो भरून अर्धा तास चालून पाहिल्याशिवाय सॅक घेऊ नये. सूटकेससारख्या समोरून उघडणाऱ्या, ‘केबिन साइज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅकही मिळतात. शहरे बघत फिरायला त्या उत्तम, पण अनेकांचे पट्टे नाजूक असतात आणि पाठीमागे हवा खेळत नाही. रोजच्या पंचवीस किलोमीटरांसाठी मी त्या सुचवणार नाही. जाडी तर नेहमीच आपल्या हातात असते. बाहेरच्या खिशात कोंबलेले जॅकेट आणि खाली लटकवलेली चटई यांमुळे मापात बसणारी सॅकही बेढब होते आणि काउंटरवर नजरेत भरते.

सॅक केबिनमध्ये नेण्यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप काठ्यांचा. ट्रेकिंगच्या काठ्या उतारावर गुडघ्यांचा भार हलका करतात, म्हणून ज्यांना त्यांची सवय आहे त्यांनी त्या सोडू नयेत. पण सुरक्षा तपासणीत त्या अनेक ठिकाणी अडवल्या जातात आणि निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा असतो, म्हणून तो सोडेल या भरवशावर निघणे बरोबर नाही. दोन मार्ग आहेत. सँ-जाँच्या आणि पाम्प्लोनाच्या दुकानांत काठ्या मिळतात, तिथे घ्याव्यात. किंवा भारत-युरोप तिकिटात चेक-इनचे वजन बहुधा असतेच, तर एका साध्या पातळ पिशवीत काठ्या, छोटा चाकू आणि शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या घालून ती चेक-इनला द्यावी. ती पिशवी हरवली तरी यात्रा अडत नाही. उलट पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये देताच येत नाहीत, ते केबिनमध्येच न्यावे लागतात. ‘चेक-इनच्या तेवीस किलोंचे पैसे भरलेच आहेत, मग वापरायचे का नाहीत?’ या प्रश्नाचेही उत्तर इथेच आहे. वापरावेत, पण ज्याच्यावाचून चालेल अशा वस्तूंसाठी. तेवीस किलो विमान वाहून नेईल. धावपट्टीच्या पुढे ते आपल्याला वाहायचे आहेत.

युरोपातल्या स्वस्त विमानांबाबत केबिनची बाजू थोडी दुबळी पडते, हे मान्य करायला हवे. रायनएअर किंवा व्हुएलिंगच्या साध्या तिकिटात फक्त सीटखाली मावणारी छोटी पिशवी मोफत असते. वरच्या कप्प्यातल्या ५५ × ४० × २० मापाच्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात, आणि कधी कधी ते चेक-इनच्या जवळ जातात. हातातल्या सामानासाठी पैसे आकारल्याबद्दल स्पेनच्या ग्राहक हक्क मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना एकूण १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला, पण कंपन्यांना तो मान्य नाही. या वादाचा निकाल लागेपर्यंत प्रवाशाने बॅगेचे पैसे आधीच ऑनलाइन भरावेत, दारात ते फार महाग पडतात. विमान भरलेले असले की कर्मचारी दारातच बॅगा मागून घेऊन खाली पाठवतात, हीही शक्यता आहे. म्हणून पासपोर्ट, औषधे, यात्रेकरूचे शिक्क्यांचे पुस्तक, पैसे आणि पॉवर बँक एका लहान कापडी पिशवीत सॅकच्या अगदी वर ठेवावेत. सॅक मागितली की ती पिशवी काढून घ्यायची.

खाण्याचा मुद्दा मराठी घरात हमखास निघतो. दशम्या, चिवडा, लाडू, मेतकूट मिळून तीन किलो सहज होतात. स्पेनमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात ही भीती अगदी खोटी नाही, कारण यात्रेकरूंच्या जेवणात मांस-मासे बरेच असतात. पण ताजा पाव, चीज, टोमॅटो, फळे, सुका मेवा आणि शिजवलेल्या कडधान्यांच्या बरण्या वाटेवर मिळत राहतात, आणि अनेक अल्बेर्गेंत स्वयंपाकघर असते. अंडे चालत असेल तर बटाट्याचा जाड तोर्तिया जवळपास प्रत्येक बारमध्ये असतो. दोनशे ग्रॅम मसाला आणि मेतकूट न्यावे, ते कुठल्याही भाजीला पुरते.

उरतो वय आणि प्रकृतीचा प्रश्न. साठीपुढच्या, पाठीचे ऑपरेशन झालेल्या किंवा झोपेत श्वासासाठी यंत्र लागणाऱ्या माणसाला सात किलोंचा नियम सांगणे क्रूरपणाचे वाटू शकते. कामिनोवर सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवा आहेत. स्पेनचे टपाल खाते कोरेओसही ती देते. ती घेण्यात कमीपणा नाही, आणि कोम्पोस्तेला त्यामुळे नाकारले जात नाही. पण त्या सेवेचा निर्णय आणि विमानातल्या बॅगेचा निर्णय वेगळे ठेवावेत. गाडीतून पाठवायचे आहे म्हणून पंधरा किलोंची बॅग भरणाऱ्याला सँ-जाँच्या स्टेशनपासून दगडी गल्ल्यांच्या चढावरून ती स्वतःच ओढावी लागते, मग अल्बेर्गेच्या जिन्यावरून वर न्यावी लागते. काही सार्वजनिक अल्बेर्गे गाडीने आलेले सामान घेतही नाहीत, मग मुक्कामाची निवड बॅगेनुसार करावी लागते. सात किलोंची सॅक असेल तर एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरला की ती पुढे पाठवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर घ्यावी. श्वासाचे यंत्र वैद्यकीय उपकरण म्हणून बहुतेक कंपन्या आधी कळवल्यास सात किलोंच्या बाहेर धरतात. डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे. निघण्याच्या महिनाभर आधी सॅक पूर्ण भरून, पाण्यासकट, लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चालून पाहावे, आणि त्याच भरलेल्या अवस्थेत तिला टेप लावून मापे घ्यावीत. जे काढायचे ते तेव्हा काढता येते. काउंटरवर ते काढायला वेळही नसतो आणि ठेवायला जागाही नसते.