छोट्या रेल्वेची गुरुवारची बैठक

- प्रतिनिधी

आगगाडीचे आकर्षण वाटले नाही असे मूल विरळाच. बहुतेकांचे हे वेड शाळेबरोबर संपते. काहींना मात्र ते आयुष्यभर साथ करते. लंडनमधील ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ ही अशा मंडळींची जगातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. १९१० मध्ये स्थापन झालेल्या या क्लबची किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ ‘कीन हाउस’ ही स्वतःची वास्तू आहे. सभासदांचा जमण्याचा ठरलेला वेळ म्हणजे गुरुवारची संध्याकाळ. गप्पा होतातच, पण खरा कार्यक्रम असतो तो कामाचा.

हे काम म्हणजे खेळण्यातली गाडी रुळांवर सोडून पाहत बसणे नव्हे. खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध प्रतिकृती हाताने घडविणे हा त्यामागील उद्देश. ब्रिटनमध्ये एका फुटाला ४ मिलिमीटर हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. क्लबच्या ‘कोपनहेगन फील्ड्स’ या गाजलेल्या देखाव्यासाठी सभासदांनी त्याच्याही निम्मे, म्हणजे फुटाला २ मिलिमीटर हे प्रमाण निवडले. मूळ वस्तूच्या जवळजवळ १५२ पट लहान! या हिशेबाने २० मीटर लांबीचा डबा जेमतेम १३ सेंटिमीटरचा होतो. ब्रिटनमध्ये दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते. ते येथे ९.४२ मिलिमीटर उरते. आपल्याकडे १८५३ मध्ये पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटर धावली. तो मार्ग या प्रमाणात बांधायचा झाल्यास सव्वादोनशे मीटर जागा पुरेल.

आकार लहान झाला म्हणून काम सोपे होत नाही. उलट, चुकीला जागाच उरत नाही. तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्ट्या कापून त्यांचे स्लीपर करायचे, त्यांवर डाख देऊन रूळ जोडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर मापकाने अंतर तपासायचे, ही येथील एक रूढ पद्धत. सांध्यांच्या ठिकाणी तर केसाएवढा फरकही गाडी घसरायला पुरेसा ठरतो. त्यात आणखी एक अडचण असते. प्रतिकृतीची लांबी, रुंदी आणि उंची निम्मी केली की वजन एक अष्टमांशावर येते. अशा हलक्या इंजिनाची चाके रुळांवर घट्ट टेकत नाहीत. मोटारीला वीज मिळते ती याच चाकांवाटे. त्यामुळे धुळीचा एखादा कणही गाडी जागीच थांबवू शकतो.

सुतारकाम, विजेची जोडणी, धातुकाम, रंगकाम आणि जुन्या नकाशांचा अभ्यास ही सर्व कौशल्ये एका माणसाकडे क्वचितच असतात. बैठकीची गरज इथेच निर्माण होते. गणेशोत्सवात मंडळाचा देखावा जसा अनेक हातांनी रात्री जागून उभा राहतो, तशीच ही रीत. फरक इतकाच, की येथे दहा दिवसांची मुदत नसते. एकेक देखावा दशकानुदशके चालतो. ‘कोपनहेगन फील्ड्स’चे काम १९८० च्या दशकात सुरू झाले. डाख नीट बसला आहे की नुसताच चिकटला आहे, हे पुस्तक वाचून कळत नाही. जाणत्याच्या शेजारी बसूनच ते शिकावे लागते.

या देखाव्यात दोन महायुद्धांमधल्या काळातील किंग्ज क्रॉसच्या उत्तरेचा परिसर आहे. रेल्वेमार्ग, बोगदे, चाळीसारख्या घरांच्या रांगा आणि गुरांच्या बाजारातील घड्याळाचा मनोरा असे सारे त्यात आले आहे. खोलीचा भास व्हावा म्हणून मागील इमारती मुद्दाम अधिकाधिक लहान केल्या आहेत. मनोरा प्रत्यक्षात आजही उभा असला, तरी भोवतालचा बाजार नाहीसा झाला आहे. नकाशे आणि छायाचित्रे पडताळून घडविलेली ही प्रतिकृती त्यामुळे त्या परिसराचा एक दस्तऐवजही ठरते.

प्रश्न आहे तो हे काम पुढे नेणाऱ्या हातांचा. बर्मिंगहॅम येथे वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लब दरवर्षी भरवीत असलेले मोठे प्रदर्शन २०२३ मध्ये शेवटचे भरले. व्याप सांभाळण्यास पुरेसे कार्यकर्ते उरले नाहीत, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. तयार गाड्या दुकानात मिळतात, पण त्या विकत घेऊन घरी एकट्याने चालविल्याने मंडळ टिकत नाही आणि कसबही पुढे जात नाही.

पुण्यात भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून साकारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून या छंदाची ओळख करून देत आले आहे. भारतीय छांदिष्टांपुढील अडचण मात्र अधिक अवघड आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर. एकास ८७ या प्रचलित प्रमाणात ती १९ मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक भरते. बाजारातील तयार रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे असतात. त्यामुळे अनेकजण त्या अरुंद रुळांवरच समाधान मानतात. अस्सल भारतीय मार्ग हवा असेल, तर तो हातानेच बांधावा लागेल. त्यासाठी एक टेबल, एक मापक आणि आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ, एवढ्यावर सुरुवात करता येते. शेजारी बसून शिकविणारा कोणी मिळाला, तर उत्तमच.