नवोदित वैमानिकाचे पहिले वर्ष : वेतन, वेळापत्रक आणि विश्रांती
अमेरिकेतील प्रादेशिक विमानसेवांच्या संदर्भात एक परामर्श

प्रस्तावना

वैमानिकाच्या व्यवसायाभोवती समाजमनात एक वलय आहे. रुबाबदार गणवेश, देशोदेशीचा प्रवास आणि भरघोस वेतन ही या व्यवसायाची ठळक लक्षणे मानली जातात. मोठ्या विमान कंपनीतील ज्येष्ठ कप्तानाच्या बाबतीत हे चित्र बऱ्याच अंशी खरे आहे. तथापि याच व्यवसायाच्या पहिल्या पायरीवरील परिस्थिती दीर्घकाळ याहून अगदी निराळी होती. तेथे वेतन तुटपुंजे, कामाचे तास अनिश्चित आणि विश्रांती अपुरी असे. प्रवाशांच्या सुरक्षिततेशी याचा थेट संबंध असूनही २००९ पर्यंत हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत फारसा आला नव्हता. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील प्रादेशिक विमानसेवांच्या आधारे नवोदित वैमानिकाच्या पहिल्या वर्षाचे वेतन व वेळापत्रक कसे ठरते, त्यात कोणते बदल झाले आणि ते बदल कोणत्या शक्तींमुळे घडले, हे विशद करण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिल्या वर्षाचा अर्थ

अमेरिकेतील प्रवासी विमानवाहतूक स्थूलमानाने दोन स्तरांत विभागलेली आहे. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन यांसारख्या मोठ्या कंपन्या एका स्तरावर, तर त्यांच्याच नावाने व रंगसंगतीत लहान विमाने चालविणाऱ्या प्रादेशिक कंपन्या दुसऱ्या स्तरावर आहेत. नवोदित वैमानिकाचा प्रवेश बहुधा प्रादेशिक कंपनीत सहवैमानिक म्हणून होतो. तेथवर पोहोचण्यासाठी उड्डाण प्रशिक्षणावर आज सुमारे एक लाख डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येतो. हा खर्च पुष्कळदा कर्ज काढून केलेला असतो.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. या व्यवसायात 'पहिले वर्ष' हे वयावरून किंवा अनुभवावरून ठरत नाही. ते त्या कंपनीतील रुजू दिनांकावरून ठरते. एका कंपनीतील दहा वर्षांचा अनुभव असलेला कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला, की त्याचे नाव तेथील ज्येष्ठता यादीच्या तळाशी लिहिले जाते. परिणामी प्रादेशिक कंपनीतून मोठ्या कंपनीत जाणारा वैमानिक आयुष्यात किमान दोनदा 'पहिले वर्ष' अनुभवतो.

वेतनाची गणना

वैमानिकाचे वेतन सामान्यतः तासाच्या दराने ठरते. मात्र हा तास घड्याळाचा सर्वसाधारण तास नसतो. विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून गंतव्य विमानतळावरील थांब्यावर स्थिरावेपर्यंतचा काळ तेवढा वेतनासाठी प्रामुख्याने मोजला जातो. यास 'ब्लॉक टाइम' असे म्हणतात. विमानतळावर हजर होणे, हवामानाचा अभ्यास, विमानाची बाह्य तपासणी, दोन उड्डाणांमधील प्रतीक्षा या बाबी कर्तव्याचा अविभाज्य भाग असल्या तरी त्यांची स्वतंत्र गणना प्रचलित पद्धतीत सहसा होत नाही. काही करारांत प्रत्येक दिवसासाठी किमान तासांचे श्रेय देण्याची तरतूद असते व त्यामुळे ही उणीव अंशतः भरून निघते.

महाविद्यालयीन वाचकांना ही पद्धत अपरिचित वाटू नये. घड्याळी तासिका तत्त्वावरील अध्यापकाला वर्गातील तासिकेचे मानधन मिळते. पाठाची तयारी, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि दोन तासिकांमधील रिकामा वेळ हिशेबात येत नाही. या दोहोंत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. वैमानिकाला दरमहा किमान तासांची हमी असते. ही हमी साधारणतः ७५ तासांच्या आसपास असते. उड्डाणे कमी झाली तरी तेवढ्या तासांचे वेतन त्याला मिळते.

ही गणना उदाहरणाने स्पष्ट करता येईल. २००९ च्या सुमारास प्रादेशिक कंपन्यांत पहिल्या वर्षाचा दर ताशी वीस-बावीस डॉलरांच्या घरात असे. दर २२ डॉलर धरला, तर ७५ तासांच्या हमीने महिन्याला १,६५० आणि वर्षाला १९,८०० डॉलर होतात. तळापासून दूर असतानाच्या प्रत्येक तासाला भोजनादी खर्चासाठी लहानसा भत्ता मिळतो. परंतु तो वेतन नव्हे. अमेरिकेच्या कामगार कायद्यातील जादा कामाच्या वाढीव दराची तरतूद विमान कंपन्यांच्या या कर्मचारीवर्गाला लागू नाही. त्यांचे वेतन 'रेल्वे लेबर ॲक्ट' या कायद्याच्या चौकटीत, कर्मचारी संघटना व कंपनी यांच्यातील करारानुसार निश्चित होते.

वेळापत्रक व ज्येष्ठता

वेतनाप्रमाणेच वेळापत्रकाची किल्लीही ज्येष्ठतेकडे आहे. दरमहा प्रत्येक वैमानिक आपला पसंतिक्रम नोंदवितो आणि यादीतील वरच्या क्रमांकापासून तो पूर्ण केला जातो. सणासुदीच्या सुट्या, सोयीच्या वेळा, पसंतीचा तळ हे सर्व वरच्यांच्या वाट्याला जाते. यादीच्या तळाशी असलेल्या नवोदिताच्या वाट्याला बहुधा 'राखीव' कर्तव्य येते.

राखीव वैमानिकाला निश्चित उड्डाणे नसतात. कुणी आजारी पडले अथवा हवामानामुळे वेळापत्रक कोलमडले, की त्याला पाचारण केले जाते. अल्प सूचनेच्या राखीव प्रकारात बोलावणे येताच साधारण दोन तासांत विमानतळावर पोहोचणे अपेक्षित असते. अशा वैमानिकाला महिन्यातून साधारण दहा ते बारा दिवस सुटी मिळते. पण उरलेल्या दिवसांत दूरध्वनी वाजेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. एखाद्या महिन्यात त्याचे उड्डाण अत्यल्प होते, तर एखाद्या महिन्यात त्याला सलग फेऱ्यांवर जावे लागते.

यात निवासाच्या प्रश्नाची भर पडते. नवोदिताला मिळणारा तळ बहुधा महागड्या महानगरातील असतो. त्या शहरात घर घेणे परवडत नसल्याने अनेक जण दूरच्या गावी राहून, विमानातील रिकाम्या आसनावर बसून कामावर येतात. तळाजवळ काही वैमानिक मिळून भाड्याने खोली घेतात. तिला 'क्रॅश पॅड' असे म्हणतात. कामावर येण्याचा हा प्रवास कर्तव्यकाळात धरला जात नाही. वेतनाचा प्रश्न विश्रांतीच्या प्रश्नाला मिळतो तो नेमका येथे.

२००९ ची दुर्घटना

१२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोला जाणारे कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्क राज्यातील क्लॅरेन्स सेंटर येथे एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशा ५० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. हे उड्डाण कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीच्या नावाने चालविले जात होते.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत उड्डाणापूर्वीच्या काळाचा तपशील पुढे आला. सहवैमानिक पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला पोहोचली होती. कप्तानाचे घर फ्लोरिडात होते. दोघांनीही विमानतळावरील कर्मचारी-कक्षात विश्रांती घेतली होती. सार्वजनिक सुनावणीत सहवैमानिकाच्या वार्षिक वेतनाचा सुमारे १६ हजार डॉलर हा आकडा मांडला गेला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. प्रत्यक्ष वेतन यापेक्षा अधिक असल्याचा खुलासा कंपनीने नंतर केला. तथापि तोवर नवोदित वैमानिकाचे वेतन राष्ट्रीय चर्चेत आले होते.

येथे वस्तुस्थितीशी प्रामाणिक राहणे अगत्याचे आहे. मंडळाने दुर्घटनेचे कारण म्हणून कमी वेतनावर बोट ठेवले नाही. विमानाचा वेग धोकादायक रीतीने घटल्याची सूचना मिळाल्यानंतर कप्तानाने केलेली चुकीची कृती हे संभाव्य कारण नमूद करण्यात आले. थकव्यामुळे दोघांच्या कार्यक्षमतेवर परिणाम झाला असावा. मात्र दुर्घटनेत त्याचा वाटा नेमका किती होता, हे निश्चितपणे सांगता येत नाही, असे मंडळाचे मत पडले.

कायद्याने काय बदलले

मृतांच्या नातेवाइकांनी केलेल्या सातत्यपूर्ण पाठपुराव्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये विमान सुरक्षेसंबंधीचा नवा कायदा संमत झाला. त्यातून दोन प्रमुख बदल घडले. पहिला बदल अनुभवासंबंधी होता. तोपर्यंत व्यावसायिक परवाना व सुमारे २५० तासांच्या अनुभवावर सहवैमानिक होता येत असे. २०१३ पासून त्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट घालण्यात आली. लष्करी वैमानिकांना ७५० तासांची आणि विमानविद्येतील विशिष्ट पदवीधरांना १,००० तासांची सवलत ठेवण्यात आली. दुसरा बदल विश्रांतीसंबंधी होता. ४ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार कर्तव्यापूर्वी किमान १० तासांची विश्रांती आणि त्यात ८ तास अखंड झोपेची संधी बंधनकारक झाली. पूर्वी ही विश्रांती ८ तासांपर्यंत खाली आणता येत असे. उड्डाण कर्तव्याची दैनिक मर्यादा कर्तव्य सुरू होण्याची वेळ व उड्डाणांची संख्या यांनुसार ९ ते १४ तास ठरविण्यात आली. एका वर्षात १,००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. अल्प सूचनेच्या राखीव कालावधीलाही १४ तासांची मर्यादा आहे. मालवाहू विमानांच्या वैमानिकांना मात्र हे नियम सक्तीने लागू केले गेले नाहीत.

दोन गोष्टी या सुधारणेच्या बाहेर राहिल्या. वेतन हा कराराचा विषय असल्याने कायद्याने त्याला स्पर्श केला नाही. घरापासून तळापर्यंतच्या प्रवासाचा स्वतंत्र अभ्यास करण्यात आला. परंतु त्यावर थेट निर्बंध आले नाहीत. आपण उड्डाणास योग्य आहोत, हे प्रत्येक कर्तव्यापूर्वी वैमानिकाने स्वतःच प्रमाणित करावयाचे असते. व्यवस्थेतून उद्भवलेल्या थकव्याची जबाबदारी अशा रीतीने बऱ्याच अंशी व्यक्तीवर येऊन पडली.

वेतनवाढीमागील कारणे

वेतनातील बदल कायद्याने नव्हे, तर टंचाईने घडविला. १,५०० तासांच्या अटीमुळे नव्या वैमानिकांचा पुरवठा मंदावला. वयाच्या ६५ व्या वर्षीच्या सक्तीच्या निवृत्तीने ज्येष्ठांची संख्या घटत होती. त्यात २०२० च्या महासाथीत अनेकांनी मुदतपूर्व निवृत्ती पत्करली. प्रवासी परतले तेव्हा वैमानिक अपुरे पडू लागले. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्या वर्षाचा दर ताशी ९० डॉलरपर्यंत नेला. ७५ तासांच्या हमीने हे वेतन वर्षाला ८१,००० डॉलर होते, म्हणजे वरील उदाहरणाच्या चौपटीहून अधिक.

तथापि टंचाईने जे मिळते ते टंचाई सरताच धोक्यात येऊ शकते. २०२४ मध्ये भरतीचा वेग मंदावला. त्याच वर्षी स्पिरिट एअरलाइन्सने वैमानिकांना तात्पुरते कमी केले, तेव्हा ज्येष्ठतेच्या नियमानुसार पहिली झळ यादीच्या तळाशी असलेल्यांनाच बसली.

भारतीय संदर्भ

भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो व १,५०० तासांसारखी अट सहवैमानिकाला नाही. त्यामुळे येथील प्रवेशाचा मार्ग निराळा आहे. विश्रांतीचा प्रश्न मात्र समान आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करण्यात आली आणि रात्रीच्या अवतरणांवर कडक मर्यादा आली. हे नियम २०२५ मध्ये जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अमलात आले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाल्यावर त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट देण्यात आली. विश्रांतीचा नियम करणे आणि तो पाळता येईल इतके मनुष्यबळ नेमणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगाने अधोरेखित केले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, नवोदित वैमानिकाच्या पहिल्या वर्षात तीन निरनिराळी घड्याळे चालू असतात. वेतनाचे घड्याळ विमान हलल्यावर सुरू होते, कर्तव्याचे घड्याळ विमानतळावर हजर झाल्यावर सुरू होते, तर शरीराचे घड्याळ घर सोडल्यापासूनच चालू असते. टंचाईने पहिल्या घड्याळाचा दर वाढविला आणि कायद्याने दुसऱ्याला मर्यादा घातली. तिसऱ्याचा हिशेब अद्याप मुख्यत्वे वैमानिकालाच ठेवावा लागतो. ज्या व्यवसायात एका व्यक्तीच्या थकव्याची किंमत इतर अनेकांना मोजावी लागते, तेथे सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याचे वेतन व विश्रांती हा त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही. क्लॅरेन्स सेंटर येथील दुर्घटनेनंतरच्या चर्चेतून हा बोध प्रकर्षाने पुढे आला. पगाराचा तक्ता आणि सुरक्षिततेची नियमावली यांचा विचार यापुढे एकत्रितपणे होणे त्यामुळेच अगत्याचे ठरते.