विंचवाचा दंश आणि डॉक्टरची वही

रोह्याच्या एका वाचकांनी पत्रातून विचारले आहे, "संशोधन हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांतले काम. गावातल्या डॉक्टरचा त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आपल्याच रायगड जिल्ह्यात सापडते.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू, म्हणजे आपली इंगळी, चावलेले रुग्ण तिथे येत आणि धडधाकट माणसे, लहान मुले डोळ्यांदेखत दगावत. हाताशी ना मोठी यंत्रे, ना तज्ज्ञ. त्यांनी एक गोष्ट केली. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारवा हे सारे तासातासाने लिहून ठेवले. 1982 साली ही निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

त्या नोंदींतून काय उलगडले? इंगळीचे विष मज्जातंतूंना चेतवते. शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळतात. बागेला पाणी घालताना नळी चिमटीत दाबून धरावी तसे होते. हृदयाला जोर लावून रक्त ढकलावे लागते, ते थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. रुग्ण दगावतो तो यामुळे. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, हा विचार ओघानेच आला. रक्तदाबासाठी वापरात असलेली 'प्राझोसिन' ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण पुढे चारच्याही खाली आले.

आता माझी गोष्ट सांगतो. 1997 सालचा मे महिना. पेणजवळच्या एका वीटभट्टीवरून सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याची आई दवाखान्यात घेऊन आली. पायाला इंगळी चावली होती. मूल फारसे रडत नव्हते. दंशाच्या जागी सूजही नव्हती. वेदना कमी म्हणजे विष कमी, असा मी हिशेब केला, वेदनाशामक औषध दिले आणि घरी पाठवले. त्याचे अंग घामाने भिजले होते आणि पावले गार होती. हे मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही. रात्री आई त्याला परत घेऊन आली तेव्हा मुलाला धाप लागली होती. मी जीप बोलावून मोठ्या रुग्णालयात धाडले.

पुढे त्याचे काय झाले, मला माहीत नाही. भट्टीचा हंगाम संपला, माणसे पांगली. माझ्याकडे ना नाव लिहिलेले, ना गाव. आपल्याच जिल्ह्यात शोधलेला उपचार त्या संध्याकाळी माझ्या दवाखान्यापर्यंत पोहोचला नव्हता. दोष माझ्या वाचनाचा होता. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. आज तशा अकरा वह्या कपाटात आहेत. त्यातून काही छापले गेले नाही, पण चूक पुन्हा होऊ नये एवढे काम त्या करतात.

संशोधन एकदा करून संपत नाही. डॉ. बावस्करांनी पुढे स्वतःच्याच उपचाराची परीक्षा घेतली. महाडच्या 70 रुग्णांपैकी निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते लस घेतलेल्या 35 पैकी 32, तर नुसत्या गोळीवरचे 35 पैकी 8. हा अभ्यास 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आपली गोळी पुरेशी नाही, तिला लसीची जोड हवी, हे स्वतःच सिद्ध करून दाखवायला मोठे मन लागते. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे:

* काळ्या विंचवाने आग फार होते, पण जीव सहसा जात नाही. इंगळीची वेदना कधी कमी असते, धोका मोठा असतो.
* दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार, ही धोक्याची लक्षणे. लहान मुलांना धोका जास्त.
* दंश किती वाजता झाला ते लक्षात ठेवा. उतारा, पाला, मंत्र यांत वेळ घालवू नका. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका.
* थेट सरकारी रुग्णालय गाठा, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. गोळी मनाने देऊ नका.
* प्राझोसिन दिल्यावर मुलाला उचलून उभे धरू नका. रक्तदाब एकदम उतरतो. आडवेच राहू द्या.
* लाकडे, कौले, विटा, पेंढा हलवताना आधी काठीने चाळवा. चपला झटकून घाला.

आणि डॉक्टरांनी तुमचे नाव-गाव वहीत लिहायला दोन मिनिटे जास्त घेतली, तर कृपया रागावू नका.