पुनर्प्रक्रियेवरची न झालेली बंदी

वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिकेत कायद्याने बंदी आहे आणि ती जिमी कार्टर यांनी घातली, हे विधान इतक्या ठामपणे केले जाते की तारखा तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. असा कायदा तेथे नाही. भारताने १९७४ मध्ये पोखरणला चाचणी केली, तिचे प्लुटोनियम मुंबईतील ट्रॉम्बेच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात वेगळे केलेले होते. अण्वस्त्रप्रसाराच्या त्या धास्तीतून कार्टर यांनी एप्रिल १९७७ मध्ये व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत स्थगित केली. ऑक्टोबर १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी स्थगिती उठवलीही.

धंदा मात्र आधीच खालावला होता. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट व्हॅली हा प्रत्यक्ष चाललेला एकमेव व्यापारी प्रकल्प १९७२ मध्ये विस्तारासाठी थांबला. नियम कडक झाले, खर्च फुगला आणि १९७६ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. इलिनॉयमधील मॉरिसचा प्रकल्प १९७४ मध्येच, वापरलेल्या इंधनाला हात लावण्यापूर्वी, चालवण्याजोगा नाही असे ठरले. कार्टर यांचा फटका खऱ्या अर्थाने बसला तो दक्षिण कॅरोलिनातील बार्नवेलला. पण स्थगिती उठल्यावरही त्यात पैसा घालायला कोणी पुढे आले नाही आणि १९८३ मध्ये तो गुंडाळला गेला.

कारण हिशेबाचे आहे. हार्वर्डच्या २००३ च्या अभ्यासानुसार, पुनर्प्रक्रियेला किलोमागे १,००० डॉलर लागत असतील, तर ती परवडण्यासाठी युरेनियमचा भाव किलोला ३६० डॉलरच्या वर जायला हवा. तेव्हाचा भाव त्याच्या जवळपासही नव्हता. शिवाय १९८२ च्या कायद्याने वीजकंपन्यांनी युनिटमागे एक दशांश सेंट भरायचा आणि वापरलेले इंधन सरकारने न्यायचे, असे ठरले. सरकारने ते नेले नाही, २०१४ पासून आकारणीही थांबली. तरी जबाबदारी सरकारचीच राहिली. मग कंपन्या जादा खर्च कशाला करतील? बंदी नसल्याने अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाकडे परवाना मागण्याची वाट मात्र खुलीच आहे.

इतर गैरसमज थोडक्यात:

पुनर्प्रक्रियेने किरणोत्सार नष्ट होतो: नाही. युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे होतात. विखंडनातून झालेली किरणोत्सारी द्रव्ये उरतात आणि ती काचेत गोठवून सांभाळावी लागतात.

अणुभट्टीचे इंधन म्हणजे बॉम्बच: नेहमीच्या इंधनात युरेनियम-२३५ चे प्रमाण ३ ते ५ टक्के असते, बॉम्बसाठी ते ९० टक्क्यांच्या आसपास लागते.

प्रचार आणि नियमन एकाच संस्थेकडे आहे: १९७५ पासून अमेरिकेत नियामक आयोग स्वतंत्र आहे.