घाटाच्या वर, घाटाच्या खाली : दुष्काळाच्या आकड्यांविषयी

अजिंठ्याची लेणी पाहून जाणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. अजिंठा हे गाव सिल्लोड तालुक्यात आहे आणि त्याचे नाव मिरवणारी लेणी घाट उतरल्यावर, सोयगाव तालुक्यात. पर्यटकाला याने काही फरक पडत नाही, पण कपाशी लावणाऱ्याला पडतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले दोनच तालुके होते, छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव. सिल्लोड नव्हता. घाटाखालच्या शेतकऱ्याला कृषी पंपाच्या वीजबिलात सवलत, पीककर्जाचे पुनर्गठन, मुलांची परीक्षा शुल्कमाफी; वरच्याला त्या दिवशी काहीच नाही.

अशा वेळी पारावर जे बोलले जाते, त्यात राग रास्त असतो, पण माहिती अनेकदा चुकीची असते.

गैरसमज : दुष्काळ ठरतो तो साहेबांच्या मर्जीवर.

वस्तुस्थिती : पूर्वी सगळी भिस्त पैसेवारीवर होती, म्हणजे नेहमीच्या उत्पन्नाच्या रुपयात किती पैसे पीक आले या अंदाजावर. नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. अंतिम आकडा हाती येईपर्यंत खरीप संपलेला असे. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेने ही पद्धत बदलली. आधी पावसाची तूट आणि पावसातले खंड पाहायचे. तिथे तालुका अडकला, तर उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, धरणांतले पाणी आणि भूजल तपासायचे. त्यानंतर तालुक्यातली दहा टक्के गावे चिठ्ठी टाकावी तशी निवडून शेतात जायचे. या शेवटच्या टप्प्याला सत्यमापन म्हणतात. २०२३च्या यादीवर राजकारणाचे आरोप झाले, हे खरे. पण निकष छापील आहेत, म्हणूनच त्यांवर बोट ठेवून वाद घालता येतो. पैसेवारीच्या काळात वाद घालायला हातात काय होते?

गैरसमज : एकदा यंत्राने ठरवले की झाले, त्यात बदल नाही.

वस्तुस्थिती : त्याच वर्षी झाला. पूर्ण तालुका हे एकक फार मोठे आहे, एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला धूळ अशी स्थिती असते, हे लक्षात आल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने तालुक्याहून लहान असे महसूल मंडळ हे एकक धरले. सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेली १,०२१ मंडळे दुष्काळसदृश ठरली आणि त्यांनाही सवलती मिळाल्या. आकडे तेच होते, ते कुठल्या हद्दीत मोजायचे हे बदलले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा हाच आहे.

कारण आकडा मुळात येतो कुठून? उपग्रहाच्या आधी तो येतो गावाकडच्या एका खांबावरून. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, साधारण मंडळाला एक. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद ती दर काही मिनिटांनी करतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याची वाट मोकळी होते. मंडळात मात्र अनेक गावे येतात. घाटमाथ्यावर सर कोसळते आणि चार मैलांवर ऊन असते, हे अजिंठ्याच्या डोंगररांगेत राहणाऱ्याला सांगायला नको. खांब एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात झाली, तर यंत्र खोटे बोलत नसते, त्याने फक्त स्वतःपुरते पाहिलेले असते. म्हणून केंद्रे गावपातळीपर्यंत नेणे हा खर्च नव्हे, गरज आहे.

गैरसमज : आकड्यांचे विश्लेषण म्हणजे भविष्य सांगणे.

वस्तुस्थिती : ते मर्यादा ओलांडल्याची वेळेवर दिलेली हाक असते. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर राज्याने ‘क्रॉपसॅप’ सुरू केला. ठरलेल्या शेतांत किडी मोजायच्या, आकडे एकत्र करायचे, कुठे संख्या चढते आहे ते पाहून सल्ला पाठवायचा. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी मर्यादा सोपी आहे : कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज सरासरी आठ पतंग. तरीही २०१७ मध्ये बोंडअळीने राज्यातली कपाशी पोखरली. मोजणे आणि वेळेवर वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी माणसांच्याच हाती आहे.

गैरसमज : धोक्याच्या यादीत आपले गाव नाही, म्हणजे आपण सुरक्षित.

वस्तुस्थिती : यादीचा प्रश्न दुष्काळापुरता नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. यादी म्हणजे आजवर जे तपासले त्याचा हिशेब. जे तपासलेच नाही, ते त्यात येत नाही. यादी दरवर्षी नव्याने तपासली गेली पाहिजे आणि तपासणीत डोंगरात राहणाऱ्या माणसाने सांगितलेली भेग, नवा पाझर हीसुद्धा माहितीच धरली पाहिजे.

आपल्याकडून होण्यासारखे काम छोटे आहे. तुमच्या मंडळातले हवामान केंद्र नेमके कुठे उभे आहे, हे तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला विचारा आणि एकदा जाऊन बघा. त्यावर झाडाच्या फांद्या आल्या असतील, शेजारी भिंत उठली असेल, तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि हे पावसाळा लागण्याआधी करा. ऑक्टोबरात यादी निघाल्यावर फार उशीर झालेला असतो.