शंभरची लाइन, बाराची धार

‘प्लॅन शंभरचा घेतला, अन् फाइल बारानंच उतरते!’ ही तक्रार धामणगाव बढ्यात काय नि मोताळ्यात काय, सारखीच. बहुतेकदा यात फसवणूक नसते, मापं वेगळी असतात. कंपनी मेगाबिटमध्ये मोजते, संगणक मेगाबाइटमध्ये. 8 बिटांचा 1 बाइट. म्हणून 100 मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला फार तर 12.5 मेगाबाइट. दीड जीबीचा सिनेमा दोन मिनिटांत यावा. प्रत्यक्षात थोडा उशीर होतो, कारण डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ताही त्याच लाइनीतून जातो.

बँडविड्थ म्हणजे विहिरीवरून आणलेल्या पाइपाची रुंदी. एका पाइपावर चार तोट्या सोडल्या की प्रत्येकीची धार बारीक होते. संध्याकाळी सगळं गाव मोबाइल उघडून बसतं, तेव्हा टॉवरचंही तेच होतं.

मोटर चालू केल्यापासून पहिलं पाणी वाफ्यात पडेपर्यंतचा वेळ ही निराळी गोष्ट. त्याला लेटन्सी म्हणतात. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंच. तिथून प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद जातो. पाइप कितीही रुंद असो, व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात ते यामुळेच.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी, 2011 मध्ये मंजूर झालेली योजना पुढे ‘भारतनेट’ झाली. तिचं मूळ उद्दिष्टही 100 मेगाबिटचंच, पण ते अख्ख्या पंचायतीसाठी! आणि ‘रोज 2 जीबी’ हा तर वेगच नव्हे. ती टाकीतल्या पाण्याची मोजणी.