पूर्णवेळ आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक : भेद कोठे आहे?

बारावीचा निकाल लागला की पालक महाविद्यालयाची इमारत, शुल्क आणि निकालाची टक्केवारी पाहतात. तेथे शिकविणाऱ्यांपैकी किती जण पूर्णवेळ आहेत, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न महत्त्वाचा का, हे समजून घेऊ या.

पात्रतेच्या दृष्टीने दोघांत मोठा फरक नसतो. पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. ही अर्हता दोघांकडूनही अपेक्षित असते. अभ्यासक्रम तोच, वर्गही तोच. भेद आहे तो मोजल्या जाणाऱ्या वेळेचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ अध्यापकासाठी आठवड्याला किमान ४० तास काम ठरविण्यात आले. त्यांपैकी सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे. पाठाची तयारी, उत्तरपत्रिकांची तपासणी, संशोधन आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन यांचा वेळही वेतनात धरलेला असतो. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये ठरले.

महाराष्ट्रात ‘सीएचबी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राध्यापकाला मात्र घेतलेल्या तासिकांपुरतेच मानधन मिळते. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते आणि सुटीच्या काळात उत्पन्न थांबते. एका महाविद्यालयातील तासिकांवर घर चालत नाही, म्हणून अनेक जण तास संपताच दुसऱ्या गावची बस गाठतात. शंका घेऊन आलेल्या विद्यार्थ्यासाठी थांबण्याची त्यांना इच्छा असते, परंतु सवड नसते. हा दोष त्या शिक्षकाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

अर्धवेळ अध्यापन मुळातच अयोग्य आहे, असेही नाही. एखादे वकील किंवा सनदी लेखापाल आठवड्यातून दोन तास शिकवितात, तेव्हा विद्यार्थ्यांना व्यवसायातील अनुभवाचा लाभ होतो. त्यांची उपजीविका त्या तासिकांवर अवलंबून नसते. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तेच काम तासिकांवर करून घेतले जाते, तेव्हा खरा अन्याय घडतो. वास्तविक, कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे त्याच २०१८ च्या नियमावलीने म्हटले होते.

पालकांनी प्रवेशापूर्वी महाविद्यालयाचा नॅक अहवाल पाहावा. त्यात पूर्णवेळ शिक्षकांची संख्या दिलेली असते. आपल्या पाल्याच्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, हेही विचारावे. तासिकेवर शिकविणाऱ्यास मात्र कमी प्रतीचा शिक्षक समजू नये. विद्या दोघांचीही तेवढीच असते. एकाला ती देण्यासाठी पुरेसा वेळ दिला जातो, दुसऱ्याला दिला जात नाही.